टाकीतल्या पंपाचा आवाज आणि वॉरंटीचे उरलेले बावीस दिवस

टिळकनगर_इंदूर

नमस्कार. प्रश्न गाडीचा आहे, पण निम्मा कागदपत्रांचाही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

इंदुरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून आम्ही सव्वापाच महिन्यांपूर्वी २०१९ सालची पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक घेतली. किंमत ४ लाख ६० हजार, घेताना मीटरवर ४१,२०० किलोमीटर, आणि विक्रेत्याची वॉरंटी ६ महिने किंवा ७,५०० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते. आतापर्यंत गाडी ३,९०० किलोमीटर चालली आहे. म्हणजे किलोमीटर भरपूर शिल्लक आहेत, दिवस मात्र बावीसच उरले आहेत.

आवाज प्रथम आईने पकडला. ती नेहमी मागच्या सीटवर बसते, आणि तिने तीस वर्षे गाणे शिकवलेले असल्यामुळे आवाजाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्याची आमच्या घरी पद्धत नाही. ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाट चढून झाल्यावर तिने विचारले, "माझ्या सीटखाली कोणी सूरपेटी चालू ठेवली आहे का?" तेव्हापासून तो आवाज आम्हा सगळ्यांनाच येऊ लागला आहे. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वी दोन सेकंद मागून गुणगुण येते, आणि मग गाडी चालू असेपर्यंत ती चालूच राहते. अॅक्सिलरेटर दाबला तरी सूर बदलत नाही. पेट्रोलच्या काट्यावर शेवटच्या दोन रेघा उरल्या की मात्र आवाज मोठा होतो आणि, आईच्या म्हणण्याप्रमाणे, अर्ध्या सुराने वर चढतो. अॅव्हरेज पूर्वीइतकाच आहे, मीटरवर कोणताही दिवा लागत नाही. गेल्या पंधरवड्यात दोनदा सकाळी गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली नाही, एवढीच काय ती तक्रार.

विक्रेता म्हणतो की जुनी गाडी आहे, आवाज येणारच. त्याने देवास नाक्याजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये पाठवले, तिथे स्कॅनर लावून पाहिला, बिघाडाचा कोड आला नाही, आणि "पंप बंद पडला की घेऊन या, तेव्हा बघू" असे सांगून गाडी परत दिली. कागद काहीच दिला नाही. वॉरंटीच्या पत्रकात एका ठिकाणी "इंधन पुरवठा यंत्रणेतील अंतर्गत बिघाड" समाविष्ट आहे असे लिहिले आहे, आणि पुढच्याच पानावर "आवाज, कंपने व सामान्य झीज" वगळल्याचे लिहिले आहे. तेव्हा आमचा पंप नक्की कोणत्या पानावर बसतो? सियागंजच्या बाजारातून नवा पंप आणून बाहेरच बसवून घ्यावा असे भावाचे मत आहे. तसे करावे का?

जुना_फिटर

मी सव्वीस वर्षे वर्कशॉपमध्ये काम केले आहे, त्यामुळे आधी आवाजाबद्दल लिहितो. कागदांबद्दल जाणकार लिहितीलच.

तुमच्या आईंचा कान बरोबर आहे. अॅक्सिलरेटरबरोबर जो आवाज चढतो-उतरतो तो बहुधा इंजिनाला जोडलेल्या एखाद्या वस्तूचा असतो, उदाहरणार्थ अल्टरनेटर किंवा एखादा पट्टा. गाडीच्या वेगाबरोबर जो वाढतो तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा. किल्ली फिरवताच दोन सेकंद येऊन इंजिनाच्या फेऱ्यांशी संबंध न ठेवता एका सुरात राहणारा आवाज टाकीतल्या फ्युएल पंपाचाच, म्हणजे पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाचाच. किल्ली फिरवल्यावर पंप काही क्षण चालून नळीत दाब भरून ठेवतो, ही बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांमधली रीत आहे. या वर्गातल्या गाड्यांत पंप सहसा ठरलेल्या वेगाने फिरत राहतो आणि जादा पेट्रोल रेग्युलेटरमधून (दाब नेमका ठेवणाऱ्या झडपेतून) टाकीतच परत सोडले जाते. म्हणून सूर बदलत नाही.

पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने त्याची मोटर थंड राहते व तिला वंगण मिळते. टाकी रिकामी होत आली की भोवतीचे द्रव कमी होते, त्यामुळे आवाज दबत नाही, आणि पंप मधूनमधून हवा ओढू लागला तर मोटरवरचा भार हलका होऊन ती अधिक वेगाने फिरते. आईंना जो अर्धा सूर चढल्यासारखा वाटतो त्याचे कारण तेच असावे. भरल्या टाकीत हलकीशी गुणगुण येणे हा दोष नव्हे. पण आवाज पूर्वी नव्हता आणि नंतर सुरू झाला, त्यात सकाळी सुरू होताना अडचण येते, हे दोन्ही मिळून मला साधे वाटत नाही. इंजिन बंद केल्यावर नळीतला दाब टिकायला हवा. रात्रीत तो पूर्ण उतरत असेल तर सकाळी गाडी दुसऱ्या प्रयत्नातच सुरू होते.

स्कॅनरला कोड आला नाही याला फारसा अर्थ नाही. अशा बऱ्याच गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळे पंप थकत चालला आहे हे संगणकाला कळतच नाही. दाब गेज लावूनच पाहावा लागतो. या प्रकारच्या इंजिनात तो साधारण ३ ते ४ बार असतो, आणि नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. त्याबरोबर पंपाच्या कनेक्टरवर किती व्होल्ट पोहोचतात तेही मोजून घ्या, कारण अर्थिंगची जोडणी गंजली असली तरी पंप दमतो आणि मग चांगला पंप उगाच बदलला जातो. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरली असेल तरी तो असाच ओरडतो.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते सांगत नाहीत. पंप यापूर्वी एकदा बदललेला असू शकतो. मूळ असेंब्लीत मोटर रबराच्या गाद्यांवर बसवलेली असते. बाहेर नुसती मोटर बदलताना ही रबरे पुष्कळदा बसवलीच जात नाहीत, आणि मग मोटरची थरथर थेट टाकीच्या पत्र्याला लागते. वर्कशॉपमध्ये मागची सीट उचलून झाकण काढले की टाकीवरची रिंग दिसते. तिच्या खाचांवर छिन्नीचे ठोके दिसले तर ती कोणीतरी आधी उघडलेली आहे. हे पाहणे त्यांच्यावरच सोपवा. पेट्रोलच्या वाफा हा घरी हात घालण्याचा विषय नव्हे.

बडोदेकर

सियागंजचा सल्ला कृपया बाजूला ठेवावा. मी नेमकी तीच चूक बडोद्यात केली होती. वॉरंटी चालू असताना, लग्नाला जायची घाई म्हणून, ओळखीच्या मिस्त्रीकडे पंप बदलून घेतला आणि जुना पंप त्याच्याच दुकानात सोडून आलो. नंतर विक्रेत्याकडे बिल घेऊन गेलो, तर त्याने अत्यंत नम्रपणे विचारले की बिघडलेला भाग कुठे आहे आणि तो बिघडला होता हे कोणी पाहिले. माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते. शिवाय वॉरंटीत लिहिलेच होते की त्यांच्या परवानगीशिवाय गाडी उघडल्यास दावा चालणार नाही. तो पैसा गेलाच.

तुमची गाडी कोणत्या कंपनीची आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते बरेच केले. परंतु एक तपासणी आजच करा. विक्रेत्याच्या वॉरंटीशी तिचा काही संबंध नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकला की त्या गाडीवर कोणता रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीनेच गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे, बाकी आहे का ते दिसते. फ्युएल पंपासाठी आपल्याकडे मोठे रिकॉल झालेले आहेत. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्या संभाव्य दोषासाठी बोलावल्या होत्या, आणि होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्यांचे पंप बदलून देण्याचे जाहीर केले होते. रिकॉलचे काम मोफत होते आणि ते गाडीला लागू असते, मालकाला नव्हे. आधीच्या मालकाने पत्ता बदलल्यामुळे किंवा कंटाळ्यामुळे ते करून घेतले नसेल तर हक्क तुमच्याकडे येतो. गाडी त्या यादीत निघाली तर विक्रेत्याशी भांडण्याची गरजच उरणार नाही.

कोर्टाची_पायरी

मी वकिली करते, ग्राहक आयोगातील प्रकरणे पाहते. हे सर्वसाधारण मत समजावे.

तुमचा प्रश्न "कोणत्या पानावर बसतो" असा आहे, आणि माझ्या मते पत्रकातील दोन पानांमध्ये विरोध नाही. वगळला आहे तो निव्वळ आवाज. आवाजामागे पंपाचा दाब कमी असेल किंवा टिकत नसेल, तर तो "अंतर्गत बिघाड" होतो आणि आवाज हे त्याचे केवळ लक्षण ठरते. म्हणून तुमची तक्रार "आवाज येतो" एवढ्यावर थांबता कामा नये. "सकाळी गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही, किल्ली फिरवल्यावर टाकीतून सतत आवाज येतो, पेट्रोल कमी असताना तो वाढतो, इंधनाचा दाब मोजून द्यावा" अशी ती लिहा.

आणि ती लिहूनच द्या. आज तुमच्याकडे विक्रेत्याचे दोन नकार आहेत आणि दोन्ही तोंडी आहेत. वॉरंटी संपल्यानंतर पंप बंद पडला तर ते सरळ म्हणतील की मुदतीत कोणी आलेच नव्हते. मुदतीत कळवलेला दोष नंतर वाढला, ही गोष्ट वेगळी ठरते. त्यासाठी तारीख आणि किलोमीटर असलेला जॉब कार्डचा, म्हणजे वर्कशॉपने तक्रार नोंदवून दिलेला, कागद लागतो. सर्व्हिस अॅडव्हायझर तुमच्या वाक्याऐवजी "सामान्य तपासणी" असे लिहील, कारण त्याला तसे लिहिण्याची सवय असते. सही करण्यापूर्वी वाचा, आणि तुमचे शब्द त्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. त्याच दिवशी विक्रेत्याला ईमेल करा, सोबत आवाजाचे रेकॉर्डिंग जोडा.

"बंद पडला की आणा" या उत्तरावर मला राग येतो. चालत्या गाडीत पंप थांबला म्हणजे इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि ब्रेकला बूस्टरचा आधार एक-दोन वेळा दाबण्यापुरताच. तुम्ही भेरूघाटातून येता हे ईमेलमध्ये अवश्य लिहा. धोका कळवूनही दुर्लक्ष केले, ही नोंद पुढे उपयोगी पडते.

विक्रेता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा मुद्दाही काढेल, की २०१९ ची गाडी २० टक्के मिश्रणासाठी बनलेली नव्हती. त्याला एवढेच विचारा की ज्या दिवशी त्याने वॉरंटी देऊन गाडी विकली, त्या दिवशी पंपावर दुसरे कोणते पेट्रोल मिळत होते. (पंपावर म्हणजे पेट्रोल पंपावर. या चर्चेत तो शब्द जपून वापरावा लागतो आहे.)

एवढे करूनही नकार आला, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. त्यानंतर जिल्हा आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे इंदुरातच, तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तुमची गाडी त्यात बसते. मात्र दोष दाखवण्याची जबाबदारी तुमची असते, त्यामुळे दाबाचा लेखी आकडा हाच तुमचा खरा पुरावा.

टिळकनगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय झाले ते लिहिते.

चेसिस क्रमांक टाकून पाहिला, रिकॉल काही निघाला नाही. रेकॉर्डिंग केले, पण त्यालाही तीन सकाळी गेल्या, कारण आमच्या गल्लीत साडेसहाला कचरागाडीचे गाणे शिरते आणि त्यापुढे टाकीतला सूर कोणाला ऐकू येणार? शेवटी पावणेसहाला आईने मागचे दार उघडून फोन सीटवर ठेवला आणि मी किल्ली फिरवली.

वर्कशॉपमध्ये अपेक्षेप्रमाणे "जनरल चेकअप" असेच लिहिले होते. मी किल्ली हातातच ठेवली. अॅडव्हायझरने दोनदा वर पाहिले, मग ती ओळ खोडली आणि माझे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे लिहून घेतले. दाब मोजण्यासाठी मात्र त्यांना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गेज आणावा लागणार आहे, म्हणून सोमवारी पुन्हा बोलावले आहे. तोपर्यंत सीट उचलून पाहायला मी त्यांना सांगितले. जुना_फिटर, रिंगेच्या दोन खाचांवर चकचकीत ठोके होते. मी त्याचे फोटो काढले आणि अॅडव्हायझरने ते जॉब कार्डवर लिहायला नकार दिला, तेव्हा तेच फोटो तिथे उभे राहूनच विक्रेत्याला ईमेल केले. संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला. निम्मा खर्च तो देईल, निम्मा आम्ही द्यावा, असे त्याचे म्हणणे आहे. मी हो म्हटलेले नाही.

कोर्टाची_पायरी

तो प्रस्ताव त्याच्याकडून ईमेलवर मागून घ्या. दाबाचा आकडा हातात येईपर्यंत उत्तर देऊ नका.

जुना_फिटर

सोमवारी टाकी भरून नेऊ नका. भरलेली टाकी उघडायला कोणतेही वर्कशॉप तयार होत नाही, आणि तेवढ्यावर तुम्हाला आणखी आठ दिवसांची तारीख मिळेल. अगदी तळाशीही आणू नका, थकलेला पंप त्यातच मरतो. एक तृतीयांश ठेवा. आणि गाडी आदल्या रात्रीच तिथे सोडा. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवण्याआधीच गेज लावलेला असला पाहिजे, नाहीतर दाब रात्री उतरला होता की नाही ते कळणार नाही. जुना पंप काढलाच तर तो पिशवीत घालून घरी आणायला विसरू नका.