खुर्ची बाईंची, कारभार कोणाचा?

मांजलपूरकर
परवा येथेच एका गृहस्थांनी लिहिले की बायका वर्गात उत्तम शिकवतात, पण शाळा चालवण्याचा कणखरपणा त्यांच्यात नसतो आणि म्हणूनच बडोद्यातल्या मराठी शाळांना उतरती कळा लागली. मी एका अनुदानित शाळेची आचार्या, म्हणजे मुख्याध्यापिका आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. दाखल्यावर सही माझी चालते. पण गळक्या छताच्या दुरुस्तीची फाइल कारकून आधी एका विश्वस्तांच्या दुकानात नेतो आणि तिथून होकार आला, तरच ती माझ्या टेबलावर येते. माझ्याआधी जे गृहस्थ या खुर्चीवर होते, त्यांच्या वेळी हाच कारकून फाइल प्रथम त्यांच्यापुढे ठेवत असे. पालकसभेत प्रश्न मला असतो आणि पालक बोलतात ते शेजारच्या उपशिक्षकांकडे पाहून. आवाज चढवला तर मी कजाग, न चढवला तर कमकुवत. मुले कमी झाली ती पालकांना इंग्रजी माध्यम हवेसे झाले म्हणून; त्याचे खापर बाईच्या माथी कशाला?

निवृत्त मास्तर, रावपुरा
ताई, आपला त्रास खरा असेल, पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या शाळेत बाई आचार्या झाल्या आणि सर्वांत जास्त जाच शिक्षिकांनाच झाला. एकीचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज त्यांनी कितीतरी दिवस अडवून धरला, वर ‘आम्ही नाही का मुले वाढवून नोकऱ्या केल्या?’ असे सर्वांदेखत सुनावले. शिवाय ज्या बडोद्याने १९४९ साली हंसाबेन मेहतांना विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसवले, तिथे बाईला कोणी अडवते हे मला पटत नाही.

दांडियाबाजारकर
मास्तर, हंसाबेनांचे उदाहरण प्रत्येक वेळी पुढे करू नका. त्या बडोदा संस्थानाचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. पती जीवराज मेहता १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांची फाइल अडवण्याची कोणत्या कारकुनाची छाती होती?

निवृत्त मास्तर, रावपुरा
म्हणजे संविधान सभेत त्या वडिलांच्या पुण्याईवर बसल्या होत्या काय? सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या वारशाला नावे ठेवायची आणि पुन्हा बडोदेकर म्हणून मिरवायचे, हे जमणार नाही.

दांडियाबाजारकर
नावे कोणीही ठेवलेली नाहीत, आपण उगाच तापलात. हंसाबेनांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. मुद्दा एवढाच की ज्या बाईच्या पाठीशी दिवाणाचे घराणे नाही, जिला विश्वस्तांपैकी कोणी ओळखत नाही, तिची वाट त्या उदाहरणाने सोपी होत नाही. महाराणी अध्यक्षा झाल्या म्हणून शिक्षिकेला आपोआप मान मिळत नाही.

कारेलीबागेतली शिक्षिका
आपण दोघे इतिहासातून वर्तमानात याल, तर माझेही ऐका. मी एचमॅट, म्हणजे आचार्यपदासाठीची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहे, तरीही त्या पदासाठी अर्ज केला नाही. संस्थेच्या बैठका विश्वस्तांची दुकाने बंद झाल्यावर, म्हणजे रात्री भरतात; त्याच वेळी घरात सासूबाईंचे इन्सुलिन आणि मुलाचा अभ्यास असतो. मतदारयाद्यांच्या कामासाठी उन्हात घरोघर फिरताना मात्र माझ्यातला कणखरपणा सरकारला बरोबर दिसतो!

निवृत्त मास्तर, रावपुरा
याद्यांचे काम आम्हीही केले आहे, बाई.

मांजलपूरकर
केले असेल, पण घरी परतल्यावर ताट वाढलेले मिळत होते, हेही लिहा. मास्तर, रजेचा अर्ज अडवणाऱ्या बाईंची बाजू मी घेणार नाही. हक्काची रजा अडवणे चूकच. पण अर्ज अडवणारे पुरुष आचार्य आपल्यालाही भेटलेच असतील. त्यावरून पुरुषांना शाळा चालवता येत नाही, असा निष्कर्ष कधी काढलात काय?

निवृत्त मास्तर, रावपुरा
नाही काढला. बैठका शाळा सुटताच घ्याव्यात, हेही मान्य. विश्वस्तांनी एक दिवस दुकान लवकर बंद केले तर बडोद्याचा व्यापार बुडणार नाही. फाइलीबद्दल सांगायचे तर आमच्या वेळी ती आचार्यांकडे प्रथम येत असे खरी, पण ते विश्वस्तांचे साडू होते. त्या बाईंबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.