नवरी व्हीलचेअर वापरते. जोडप्याच्या पोझ कशा घ्याव्यात?

प्रश्न (अंबाजोगाई, छायाचित्रकार)

नमस्कार. मी अंबाजोगाईला गेली चौदा वर्षे लग्नाचे फोटो काढतो. येत्या मार्गशीर्षात लग्न असलेल्या एका जोडप्याचे प्री-वेडिंगचे काम माझ्याकडे आले आहे. नवरी व्हीलचेअर वापरते, नवरदेव चालतो आणि चांगला उंच आहे. त्यांना एक सकाळ छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात आणि एक दिवस मुलीच्या घरच्या जुन्या वाड्यात फोटो हवे आहेत.

विचारण्याचे कारण असे, की दोन वर्षांपूर्वी अशाच एका कामात माझ्या हातून चूक झाली. त्या वेळी नवरदेव व्हीलचेअरवर होता. दोघांचे चेहरे एकाखाली एक नीट बसतात म्हणून मी जवळजवळ प्रत्येक फोटोत नवरीला त्याच्या मागे, खुर्चीचे दोन्ही हँडल धरून उभे केले. काही फोटोंसाठी तर त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून व्हीलचेअर मंडपाच्या कापडामागे ठेवली, आणि त्या खुर्चीत तोल सांभाळताना तो सारखा घसरत होता, हे मला फोटो निवडताना दिसले. अल्बम पाहून तो एवढेच म्हणाला, “दादा, माझ्या बायकोला तुम्ही माझी नर्स केलंत.” पैसे त्याने पूर्ण दिले, पण भिंतीवर लावायला एकही फोटो घेतला नाही. ते मला अजून लागून राहिले आहे.

दोघांच्या डोक्यांची उंची कशी जुळवावी, खुर्ची फोटोत किती दिसू द्यावी आणि साडीचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, स्टुडिओचालक)

आपल्या घरातला जुन्यात जुना फोटो आठवून पाहा. आजोबा कोरीव खुर्चीत बसलेले असतात, आजी शेजारी उभी असते आणि तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर असतो. एक बसलेला आणि एक उभा ही रचना आपल्या डोळ्यांच्या चांगली सवयीची आहे आणि तिच्यात बसलेला माणूस कोणाला दुबळा वाटत नाही. आपल्या फोटोत बिघडले ते नवरीच्या जागेमुळे. आजी शेजारी उभी असते, आपण तिला मागे उभे केलेत आणि हातात हँडल दिले. हँडल धरलेला माणूस खुर्ची ढकलण्याच्या तयारीत दिसतो, मग तो नवरा असो की बायको. तोच माणूस अर्धे पाऊल पुढे, चाकाच्या बाजूला आला आणि त्याचा हात खांद्यावर किंवा तिच्या हातात गेला, की नाते लगेच दिसू लागते.

उंचीचे गणित अवघड नाही. व्हीलचेअरवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १३० सेंटीमीटरवर असतात. कॅमेरा त्याच उंचीला किंवा किंचित खाली आणा, म्हणजे आपण स्वतः गुडघ्यावर या. उभ्याने खाली रोखलेला कॅमेरा बसलेल्या माणसाला लहान मुलासारखे वर बघायला लावतो. नवरदेव उंच असेल तर त्याला ४५ सेंटीमीटरच्या साध्या स्टुलावर बसवा. व्हीलचेअरची बैठक गादीसह याहून थोडी उंच असते, त्यामुळे दोघांचे चेहरे आपोआप जवळ येतात. त्याला गुडघ्यावर बसवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. एखाद्या फोटोत ते छान दिसते, पण सगळ्या अल्बमभर तो विनवणी करतो आहे असे वाटू लागते.

खुर्ची कॅमेऱ्यासमोर सरळ ठेवू नका, तिरपी ठेवा. सरळ ठेवली की गुडघे आणि पावलांच्या पट्ट्या आधी दिसतात, चेहरा मागे पडतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्सने जवळून घेतले तर हे आणखी वाढते, म्हणून मागे सरकून ८५ ची लेन्स वापरा. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की जागेवर आल्यावर नवरीला खुर्ची चार बोटे मागे घ्यायला सांगा. त्यामुळे पुढची लहान चाके पुढच्या बाजूला वळतात, आणि ती पुढे वाकून नवरदेवाच्या कानात काही बोलली तरी खुर्ची स्थिर राहते. मग ब्रेक लावायचे. क्रोमच्या दांड्यांवर फ्लॅश थेट मारू नका. मांडीवर बसण्याची पोझ त्यांनी स्वतः मागितली तरच घ्या, कारण बऱ्याच साध्या खुर्च्या १०० किलोच्या आसपासच्या वजनासाठी केलेल्या असतात आणि वजन मागे गेले की उलटतात.

मकबऱ्याच्या मुख्य चौथऱ्यावर पायऱ्यांनीच जावे लागते. तिला उचलून वर नेण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. खालच्या बागेतल्या मार्गावरून, पाण्याच्या हौदाच्या कडेला दोघांना घेतले तर मागे घुमट आणि मीनार पूर्ण येतात, आणि कॅमेरा खाली असल्यामुळे ते अधिकच उठून दिसतात. ट्रायपॉड वापरायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी.

उत्तर (लातूर, व्हीलचेअर वापरणारी एक वाचक)

वरचे उत्तर मनापासून पटले, तरी माझ्या बाजूने काही सांगते. माझी खुर्ची मला माझ्या अंगासारखी आहे. माझ्या लग्नात एका फोटोग्राफरने न विचारता मागून हँडल धरून मला “जरा प्रकाशात” सरकवले. हातात चहाचा कप असताना कोणी आपल्याला खांदे धरून फिरवावे, तसे मला झाले. पुढचे दोन तास माझ्या चेहऱ्यावर जे हसू आहे ते माझे नाही, हे मला आजही फोटोत दिसते. “ताई, थोडे डावीकडे याल का?” एवढे म्हटले असते तर मी स्वतः आले असते.

खुर्ची दाखवायची की नाही, हा प्रश्न आपण आमच्याऐवजी स्वतःला विचारता आहात, असे मला वाटले. तो तिला विचारा आणि ती एकटी असताना विचारा, कारण सासरच्या मंडळींसमोर ती “लपवली तरी चालेल” असे म्हणेल आणि तिच्या मनात वेगळेच असेल. काही फोटो नुसत्या चेहऱ्यांचे घेता येतात, ते सगळ्याच जोडप्यांचे घेतात. मात्र दोन दिवसांच्या अल्बममध्ये खुर्ची कुठेच नसेल, तर पाहणाऱ्याला तिचीच उणीव जाणवते.

तिला दुसरीकडे बसवायचे असेल तर तिची गादी सोबत न्या. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना कमरेखाली जाणीव नसते. दगडी कट्ट्यावर पाऊण तास बसले तरी त्या वेळी काहीच कळत नाही आणि मग जखम भरायला महिने लागतात. माझी इजा वरच्या भागात आहे, म्हणून मला छातीखाली घाम येत नाही आणि उन्हात ताप चढल्यासारखे होते. पोलिओ झालेल्या माझ्या मैत्रिणीला यातले काहीच होत नाही. तुमच्या नवरीचे काय आहे ते तिलाच ठाऊक असणार.

उत्तर (नांदेड, मेकअप आणि साडी)

साडीबद्दल थोडेसे. पदर मोकळा सोडला तर तो चाकाच्या आऱ्यांत जातो आणि पैठणीच्या जरीचा धागा एका फेरीत ओढला जातो. पदर पुढून घेऊन मांडीवर पिन करावा आणि निऱ्या बसल्यावरच घालाव्यात, उभ्याच्या मापाने घातल्या तर पावलांपुढे ढीग होतो. ती स्वतः चाके फिरवत असेल तर मेंदी तळव्यावरून लवकर जाते. हाताच्या मागच्या बाजूला भरगच्च काढली तर फोटोत तीच दिसते.

प्रश्नकर्ता, आठ दिवसांनी

सर्वांचे आभार. काल मी वाड्यावर जाऊन आलो, कॅमेरा नेला नव्हता, फक्त टेप नेला होता. ढाळजेतल्या, म्हणजे दाराजवळच्या बैठकीतल्या, ओट्याची उंची ५० सेंटीमीटर भरली. ती खुर्ची ओट्याला समांतर लावून बसली, नवरदेव काठावर तिच्या बाजूला बसला आणि मी काही सांगण्याआधीच त्याने कोपर तिच्या खुर्चीच्या हातावर टेकवले. मला जी पोझ शोधायची होती ती हीच आहे.

तिच्या आईसोबत चहा झाल्यावर मी तिला एकटीला खुर्चीबद्दल विचारले. खुर्ची दिसू दे, म्हणाली. वाड्याचा उंबरठा वीतभर उंच आहे आणि तिच्या वडिलांनी त्यावर टाकायला सागाची एक लांब फळी करून ठेवली आहे, ती मधोमध झिजून गुळगुळीत झाली आहे. त्या फळीवरून ती आत येते आणि नवरदेव समोर उभा आहे, असा एक फोटो तिला हवा आहे. फळी फोटोसाठी पुसू नका, असेही तिने सांगितले.