टेम्पररी प्रोफाइल आली म्हणून फॉरमॅट नको

ताई, लाईट गेल्यापासून विंडोज १० टेम्पररी प्रोफाइल (तुमच्या नेहमीच्या खात्याऐवजी तात्पुरतं, कोरं खातं) उघडतंय, चादरींची डिझाइनं गायब, म्हणून वर कुणी फॉरमॅट सुचवलंय. कृपया करू नका! सी ड्राइव्हच्या 'युजर्स'मध्ये तुमच्या नावाचं फोल्डर बघा, डिझाइनं बहुधा तिथेच आहेत. आधी ती पेनड्राइव्हवर घ्या. आत्ताच्या डेस्कटॉपवर काहीही ठेवू नका, लॉग-आउट होताच पुसलं जातं.

मग रेजएडिट (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीचा एडिटर) उघडून या क्रमाने आत जा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट. ही की (रजिस्ट्रीतलं फोल्डर) आधी एक्सपोर्ट करून ठेवा. एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या दोन सारख्या की दिसतील, एकीला शेवटी डॉट बीएके. बिनशेपटीच्या कीला डॉट ओल्ड जोडा, मगच दुसरीचं बीएके काढा. उलट केलंत तर नाव आधीच आहे म्हणून अडेल. त्याच कीच्या 'प्रोफाइल इमेज पाथ'मध्ये तुमचंच फोल्डर हवं. तिथलंच 'स्टेट' ० करून रीस्टार्ट.

तरी तेच आलं, तर बहुधा एनटीयुजर डॅट ही तुमच्या खात्याच्या सेटिंग्जची फाइल बिघडलीय. बऱ्याचदा तिच्यात लिहिणं चालू असतानाच लाईट गेलेली असते. नवीन खातं काढून फायली न्या, एनटीयुजर नावाच्या सोडून, नाहीतर बिघाडही सोबत जाईल.

यूपीएसची बॅटरीही तपासा, सोलापूरच्या उन्हाळ्यात ती लवकर उतरते.