मदत हवी आहे: इस्ट्रोजेनमुळे पिनियलमधलं नेमकं कोणतं एन्झाइम मंदावतं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. प्राणिशास्त्र, गुरुवारी सेमिनार, विषय पिनियल (मेंदूतली मेलाटोनिन बनवणारी) ग्रंथी आणि लैंगिक संप्रेरकं. एका जागी घोडं अडलंय.

सेरोटोनिनचं मेलाटोनिन (रात्रीचं संप्रेरक) दोन टप्प्यांत होतं, दोन एन्झाइमांमुळे. आधी एनएटी (एन-अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज) अ‍ॅसिटिल गट जोडतं, मग एचआयओएमटी (हायड्रॉक्सिइंडोल-ओ-मिथिलट्रान्सफरेज) मिथिल गट. वुर्टमन, अ‍ॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मादी उंदरांत दाखवलं की प्रोइस्ट्रस-इस्ट्रसमध्ये (प्रजननचक्रात माजाआधी आणि माजाच्या वेळी) एचआयओएमटी उतरतं, डायइस्ट्रसमध्ये (दोन माजांमधल्या काळात) चढतं. म्हणजे इस्ट्रोजेन वर, एन्झाइम खाली. पण रात्री मेलाटोनिन वाढतं ते एनएटी कित्येक पटींनी उसळतं म्हणून. त्या मानाने एचआयओएमटी दिवसरात्र फारसं हलत नाही. मग ते थोडं घसरलं तर मेलाटोनिनला काय फरक पडतो? सर म्हणाले, "पेपर वाच." वाचूनच तर इथे आलोय!

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (पिनियलवर नको, तिथे अंधारच बरा.)

प्रतिसाद १:
आधी तारखा बघ. एनएटीची रात्रीची उसळी क्लाइन आणि वेलर यांनी दाखवली ती १९७० मध्ये. १९६५ च्या मंडळींच्या हाती मोजायला एचआयओएमटीच होतं, त्यामुळे सगळं श्रेय-अपश्रेय त्याच्याच नावावर गेलं.

दुसरं, रात्री एनएटी भरपूर असतं तेव्हा पहिला टप्पा मोकळा होतो आणि माल पुढच्या टप्प्यावर तुंबतो. अशा वेळी किती मेलाटोनिन बनेल हे बऱ्याच अंशी एचआयओएमटीवर ठरतं. त्यामुळे "थोडं घसरलं" याला तितकं हलकं घेऊ नकोस.

आणि इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) एकाच एन्झाइमला धरत नाही. मानेतल्या वरच्या सिंपथेटिक गुच्छिकेतून येणाऱ्या चेता पिनियलमध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, त्याने बीटा रिसेप्टरमार्फत सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं आणि एनएटी जागं होतं. ओव्हरी काढलेल्या माद्यांना इस्ट्रॅडिओल दिलं की हा प्रतिसादही मंदावतो.

एक कर, स्लाइडवर "उंदीर" ठळक लिही. त्यांचं चक्र चार-पाच दिवसांचं. बायकांच्या मासिक पाळीत मेलाटोनिन असंच खालीवर होतं असं सरसकट म्हणालास तर परीक्षक सोडणार नाहीत.

धागाकर्ता:
सुटलो! तारखांकडे लक्षच गेलं नव्हतं. नरांचं काय पण?

प्रतिसाद १:
टेस्टोस्टेरॉनचं (नर संप्रेरकाचं) पिनियलमध्येच डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (त्याचं जास्त प्रभावी रूप) होतं. त्यात शिरलास तर गुरुवार चुकेल.