मेमरी कार्ड: २५६ जीबीचं एकच घेऊ की ६४ची तीन-चार?

नवी_पाखरू
नमस्कार मंडळी. इतके दिवस फोनवरच फोटो काढत होते, आता पहिला मिररलेस कॅमेरा हातात आलाय. २४ मेगापिक्सेल, एसडी कार्डाचा स्लॉट एकच. सोबत ३२ जीबीचं कार्ड मिळालं होतं. जेपेगमध्ये (नेहमीच्या छोट्या फाइली) ते संपता संपत नव्हतं, पण रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, जड फाइली) काढायला लागले आणि दोन दिवसांत भरलं! पुढच्या महिन्यात आठ दिवस पक्षी बघायला जायचंय, लॅपटॉप नेणार नाही. भाऊ म्हणतो, २५६चं एकच घे आणि विसरून जा. वहिनीचं म्हणणं, सगळे फोटो एका कार्डात ठेवायचे म्हणजे उगाच जीव टांगणीला. कोणाचं ऐकू? आणि कार्डावर व्ही३०, यू३ असलं काय काय लिहिलेलं असतं, ते बघायचं का?

पाणकावळा
आधी आकडा काढा, मग भाऊ-वहिनी. तुमच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल किती एमबीची होते, ते पुस्तिकेत शोधू नका. एखाद्या दिवशी नेहमीसारखे मनसोक्त फोटो काढा आणि त्या दिवसाचं फोल्डर किती जीबीचं झालं ते बघा. २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस केलेली रॉ साधारण २५ ते ३० एमबी असते, कॉम्प्रेस न केलेली चाळिशीच्या पुढे जाते. रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवत असाल तर फोटोमागे आणखी दहाएक एमबी धरा. आलेल्या आकड्याला दिवसांनी गुणा आणि वर निम्मं जास्तीचं ठेवा, कारण पक्षी दिसला की बोट बटणावरून उठत नाही हा माझा अनुभव.

आणि हो, ६४चं कार्ड विंडोजच्या कॉम्प्युटरवर ५९.६ जीबी दाखवेल. फसवणूक नाही ती. कार्डवाले जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या.

एकच_कार्ड
मी भावाच्या बाजूने. नखाएवढी ती वस्तू, चिखलात उभं राहून काढा-घाला करायची कशाला? इतक्या वर्षांत कार्ड बिघडून माझे फोटो एकदा गेले, कार्ड पडून-हरवून दोनदा. शिवाय चार कार्डं बाळगली तर त्यातलं एखादं दगा देण्याची शक्यता वाढते, कमी होत नाही.

पाणकावळा
शक्यता वाढते, मान्य. पण गेलं तर चौथाईच जातं ना. प्रश्न किती जीबीचा नाहीच मुळी, एका फटक्यात किती दिवसांचे फोटो गेलेले तुम्हाला सोसतील, हा आहे. मला दोन दिवसांचे सोसतात, आठ दिवसांचे नाही. तुमच्या कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील आणि दोन्हीकडे तेच फोटो लिहिले जात असतील, तर खुशाल मोठं कार्ड वापरा. ताईंना एकच स्लॉट आहे.

सांजवेळ
कार्डं बिघडण्यावर एवढी चर्चा चाललीय, माझ्या बाबतीत बिघाड माझ्याच डोक्यात होता. दोन कार्डं, दोन्ही एकाच कंपनीची, एकाच रंगाची, जॅकेटच्या एकाच खिशात. अंधार पडत आलेला आणि समोर घुबड. कार्ड भरलं म्हणून दुसरं घातलं, सवयीने फॉरमॅट केलं. फोटो काढण्याआधी सहज खिशात राहिलेलं कार्ड बघितलं तर ते कोरं. म्हणजे मी नुकतंच काढलेलं भरलेलं कार्डच परत घालून पुसलं होतं. घुबड बसून होतं, मी मात्र मटकन खाली बसले.

वाचले कशी ते सांगते. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त फाइलींची यादी पुसतं, खाली फोटो तसेच असतात. त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं की मग मात्र संपलं. त्यामुळे ते कार्ड तिथल्या तिथे काढलं, घरी येईपर्यंत परत कॅमेऱ्यात घातलं नाही आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचसे फोटो परत मिळवले. काही रॉ फाइली अर्ध्या करड्या निघाल्या, त्या गेल्याच.

तेव्हापासून कार्डांवर मार्करने १, २, ३ लिहिलंय. डबीत कोरं कार्ड सुलटं, भरलेलं पालथं. आणि भरलेल्याचं बाजूचं लॉकचं बटण लगेच खाली.

एकच_कार्ड
घुबडाचा फोटो मिळाला का शेवटी?

सांजवेळ
नाही हो. हात थरथरत होते, सगळे हलले.

बफरभाऊ
वेगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. लेबलावर ठसठशीत छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा असतो. कॅमेऱ्याला लागतो लिहिण्याचा, आणि तो कमी असतो. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी, यू३चा अर्थही तोच. ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने (आठ मेगाबिटांचा एक एमबी) काढलात तरी सेकंदाला १२.५ एमबीच होतात, म्हणजे व्हिडिओला व्ही३० भरपूर झालं. जागा मात्र तासाला ४५ जीबी खातो, ते हिशेबात धरा.

खरी अडचण बर्स्टची, म्हणजे बटण दाबून धरून धडाधड फोटो काढण्याची. सेकंदाला १० रॉ म्हणजे जवळजवळ ३०० एमबी. ते आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या साठ्यात, साठतात आणि तिथून कार्डावर उतरतात. कार्ड हळू असेल तर बफर भरतो, आणि पक्षी उडाला त्या क्षणी कॅमेरा ढिम्म. यूएचएस-२ या जास्त वेगवान प्रकारच्या कार्डाने फरक पडतो, पण स्लॉट यूएचएस-२चा असेल तरच. त्या कार्डाला मागे पिनांची दुसरी ओळ असते. स्लॉट यूएचएस-१चा असेल तर तेच महाग कार्ड जुन्या वेगानेच चालणार. पुस्तिका उघडायची ती यासाठी.

जुनं_ते_सोनं
एक राहिलं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यापुढची एसडीएक्ससी. जुना कार्ड रीडर एसडीएक्ससी ओळखत नाही, आणि कॉम्प्युटर साळसूदपणे विचारतो, ‘फॉरमॅट करू का?’ नाही म्हणायचं! कार्ड चांगलं असतं, रीडर म्हातारा असतो.

आणि नवं कार्ड आलं की प्रवासाआधी एकदा काठोकाठ भरून सगळं परत वाचून बघा. एफ३ नावाचं फुकट साधन हेच काम करतं. नकली कार्ड अंगावर २५६ लिहून आत ३२च असू शकतं; ३२ भरेपर्यंत तक्रार नाही, पुढचे फोटो मात्र कुठेच नसतात.

नवी_पाखरू
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! रविवारी तळ्यावर जाऊन आले. ६११ फोटो, १७.४ जीबी. म्हणजे आठ दिवसांचे १४०च्या आसपास. स्लॉट यूएचएस-१चाच निघाला, त्यामुळे व्ही३०ची ६४ जीबीची चार घेतेय. दर दोन दिवसांनी कार्ड बदलायचं, तीन दिवसांचे मावले तरी. जुनं ३२चं अडीअडचणीला. वहिनी खूश आहे, भाऊ म्हणतो हरवशील. शेवटचा प्रश्न: परत आल्यावर लॅपटॉपवर घेतले की लगेच कार्डं फॉरमॅट केली तर चालेल?

पाणकावळा
लॅपटॉपवर एक प्रत, बाहेरच्या डिस्कवर दुसरी. दुसरी प्रत उघडून चार-पाच फोटो बघा, मग फॉरमॅट. तेही कॅमेऱ्यातच, कॉम्प्युटरवर नको.

सांजवेळ
आणि कार्डावरचा नंबर वाचून.