अनुभव धागा : पैसाही गेला, माणसांवरचा भरवसाही. मग कशावर तगलात?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला उभा होतो. "महागाई, लाचखोरी, पेपरफुटी घेऊन जा गे मारबत!" लोकं ओरडून राहिले होते. बाजूचे काका म्हणाले, "दरवर्षी जाळतो, दरवर्षी परत येते." हसलो, पण वाक्य डोक्यातून जाईना.

तर नागपूरकरांनो, रोजगार सुटला, भोवतालची माणसं घसरत गेली, अशा काळात श्रद्धेनं उभं ठेवलं असेल तर लिहा. धर्म कोणताही चालेल. चमत्कार नकोत, आणि कृपा करून सकाळचे सुविचारही नकोत.

गिरणीवाल्याची मुलगी

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी १८७७ साली सुरू केलेली गिरणी २००२ मध्ये बंद झाली. आता गांधीसागराजवळच्या त्या जागेवर मॉल आहे. मी अजून एकदाही आत गेले नाही.

भोंगा थांबला, पण बाबांची झोप काही बदलली नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, अंघोळ करायचे, आणि जायला जागा नसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सायकल काढली आणि स्टेशनजवळच्या टेकडी गणपतीला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आईनं काही न विचारता डबा भरून दिला. मंदिरात जाणाऱ्या माणसाला डबा! पण तिनं दिला आणि त्यांनी नेला.

त्यांच्याबरोबरचे काहीजण दारूत गेले. एकानं तर पोरीच्या लग्नाचे दागिने सट्ट्यावर लावले. बाबा काही फार देवभोळे नव्हते. पुढे टेकडीखालच्या हारवाल्याकडे दुर्वांच्या जुड्या बांधायला बसले, पैसे अगदीच किरकोळ. मी एकदा विचारलं, गणपतीकडे काय मागता? म्हणाले, "काही नाही. हजेरी लावतो."

बुद्धनगरचा

मी देव मानत नाही, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. पण आजीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती दीक्षाभूमीवर होती, माझा मोठा काका तिच्या कडेवर होता. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ.

मला एका नोकरीसाठी पैसे मागितले. घरात ठरलंच होतं, प्लॉट विकायचा. सगळेच देतात ना जी, आपण काहून मागे राहायचं? आजी खाटेवरून एवढंच म्हणाली, "चोरी करणार नाही असं मी म्हटलं होतं. चोराला पैसे देणार नाही असं वेगळं म्हणायला पाहिजे होतं का?"

प्लॉट राहिला, नोकरी गेली. गोड शेवट नाही, मी आजही खाजगी शिकवण्या घेतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या स्टॉलवर उभा राहतो. गावाकडून आलेल्या माणसांच्या चपला तुटलेल्या असतात, पण ती पिशवीत पुस्तक घेऊन जातात. ते पाहिलं की वर्षभर पुरतं.

ताजबागचा ऑटोवाला

लॉकडाऊनमध्ये ऑटो उभा, किस्त चालू. ज्यांच्याबरोबर बाबा ताजुद्दीनच्या दर्ग्यात वर्षानुवर्षं लंगरचं जेवलो, त्यांनीच घरी धान्य आणून दिलं. नाव नाही विचारलं, जात नाही विचारली. बस, एवढंच.

खंजिरी

मी उलटं लिहितो, रागावू नका. आम्ही तुकडोजी महाराजांना मानणारे, मोहल्ल्यात सामुदायिक प्रार्थना चालते. भिशी मंडळातल्याच एकाकडे होती. कपाळाला अष्टगंध, आवाज असा की डोळे भरून यावे. एके दिवशी चोवीस घरांचे पैसे घेऊन गेला. माझे त्यात पोराच्या फीचे होते.

पैशापेक्षा जास्त काय लागलं सांगू? भजनाचा आवाजच खोटा वाटायला लागला. सहा महिने मी गेलो नाही. मग एक म्हातारे घरी आले, म्हणाले, "तो पैसे घेऊन गेला. प्रार्थना पण नेली का त्यानं?"

परत गेलो, एका अटीवर. आता प्रार्थना झाली की भिशीचा हिशेब फळ्यावर लिहून सगळ्यांसमोर वाचतात. काही जणांना हे अपमानास्पद वाटतं. मला तर तो प्रार्थनेचाच भाग वाटतो.

धागाकर्ता

खंजिरी दादा, फळ्याची आयडिया आमच्या सोसायटीत ढापतो. गिरणीवाल्या ताई, बाबा अजून जातात का टेकडीवर?

गिरणीवाल्याची मुलगी

नाही जी, गुडघे गेले त्यांचे. पण त्याच वेळेला उठतात आणि मला उठवतात. आता मी जाते. परत आले की पहिला प्रश्न असतो, "हारवाला आला होता का?"