खोगिराचा पोटाखालचा पट्टा (तंग) आवळताना घोडं पोट फुगवतंय, काय करावं?

वाढेवाला, चिकोडी तालुका

नमस्कार मंडळी. तीन एकर ऊस, दोन म्हशी आणि दिवाळीपासून एक तट्टू, असा आमचा बारदाना. दिवाळीनंतर खतासाठी शेतात मेंढरं बसवली होती, चार रात्री. धनगराच्या घोड्यावर अख्खा संसार: वाकळा, डेचक्या, वर दोन कोंबड्या आणि त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू. एवढं घेऊन ते डोळे मिटून उभं. धाकट्यानं हट्ट धरला आणि मी न आलेल्या ऊसबिलाच्या भरवशावर सौदा केला.

उंची बरोबर चार फूट. पाय आखूड, मान जाड, मागून बघितलं तर म्हैस. मंडळी बघताक्षणी म्हणाली, "पोतं आणलासा काय?" तेच नाव पडलं, पोत्या. शेजारची आज्जी तर विचारून गेली, कितवा महिना? नर हाय ओ आज्जी.

अडचण अशी. खोगीर टाकतो, तंग दात खाऊन आवळतो, चढतो. पन्नास पावलांत तंग सैल. खोगीर एका अंगाला, मी दुसऱ्या. परवा दूध डेअरीसमोर कॅनांच्या रांगेत पडलो. पोत्या पळाला नाही. थांबला, माझ्याकडं बघितलं आणि कुणाच्या तरी कॅनचं झाकण चाटायला लागला.

खाणं म्हणाल तर उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला), कडबा, रात्री मूठभर भिजवलेले हरभरे. मूठ केवढी ते विचारू नका. "थांब" म्हटलं की चालतंय, कारण धनगर कानडी बोलणारा. "निल्लु" म्हटलं की खिळा ठोकल्यासारखं उभं. सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, आमच्या परड्यात तो एका शब्दात मिटला.

पण ते पोट? वायू हाय, रोग हाय, का नुसता लबाडपणा?

टांगेवाल्याचा नातू, बेळगाव

लबाडपणा नव्हे, शहाणपण. तंग आवळताना ते छाती-पोटाचे स्नायू ताठ करतंय, मग सोडून देतंय. आधी हलका बांधा, दहा-बारा पावलं हातानं चालवा, मग दुसऱ्यांदा आवळा. गुडघा घालून आवळू नका. त्याआधी पोटाखालनं तळहात फिरवून बघा. दोरीनं ओझं बांधलेलं जनावर हाय, कुठं घट्टा किंवा जुनी जखम असंल तर ते दुखतंय म्हणून फुगवतंय.

आमच्या आजोबांचा टांगा स्टेशनवरनं शहापूर, वडगाव करायचा. घोडी शहापुरात एका दारात आपोआप थांबायची, कारण तिथली म्हातारी भाकरीचा तुकडा द्यायची. टांग्यात माणसं बसलेली, घाई असलेली, घोडीला त्याचं काय? म्हातारी वारली तरी हिचं थांबणं चालूच. शेवटी सून बाहेर येऊन घोडीला सांगायची, "सासूबाई गेल्या गं, आता पुढं व्हा." आणि सांगताना तुकडा द्यायची. मग कशाला सुटतीय सवय!

खानापूरची, सध्या गॉलवे

तुमचा पोत्या वाचून हसून मेले. मी इथं आयर्लंडात नर्स आहे, घरमालकिणीकडं एक कॉब आहे. कॉब म्हणजे आखूड पायांचं, रुंद पाठीचं, दणकट आणि थंड डोक्याचं घोडं. हा अबलख आहे, गुडघ्याखाली लांब केस, बेलबॉटम घातल्यासारखे. पूर्वी भटक्या लोकांच्या घरगाड्या असलीच घोडी ओढायची. ऑक्टोबरात बॅलिनास्लोच्या जत्रेत गेले तर असली शेकड्यांनी दिसली, आणि सौदा पक्का करताना टाळी देतात. मला आपला बैलबाजारच आठवला, फक्त टॉवेलाखाली बोटं धरणं नव्हतं.

तंगाचं नाटक हाही करतो. वर दाराची कडी ओठानं काढतो. म्हणून दुसरी कडी खाली बसवली, तर आता दार पायानं वाजवतो, भाडं मागायला आल्यासारखा.

एकच सांगते. ही जात हवेवर पोसते. इथं त्याला हिरव्या गवतावर मोकळं सोडत नाहीत, तोंडाला जाळीचं मुसकं बांधतात. तुम्ही वाढं घालताय हे वाचून मालकीण खुर्चीतनं उठली.

निपाणीकर

मेमध्ये भावाचं लग्न हाय. पोत्या वरातीला मिळंल काय? भाऊ 92 किलो.

म्हशींचा डॉक्टर

मालकीणबाईंशी सहमत. वाढ्यात साखर असते, अशा बुटक्या जाडजूड घोड्याला ती बाधते आणि खुरांत कळ धरते. मानेवरची चरबी दाबून बघा, कडक लागली तर जपा. खूर गरम लागले, किंवा पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभा राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. पण एकदम उपाशीही ठेवू नका, तेही घातक.

टेप आणा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. किलोत वजन येईल. रोजचा सुका चारा वजनाच्या दीड टक्का, थोडा थोडा करून. आणि पाठीवर खोगिरासकट वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको.

वाढेवाला

मंडळीच्या शिवणाच्या टेपनं मोजलं. घेर 150, लांबी 140. वजन आलं 265 किलो. चारा दिवसाला चार किलो बसतोय, मी निदान दुप्पट घालत होतो. वाढं आता म्हशींना.

पाचवा भाग 53. मी 71, खोगीर वेगळं. धाकट्यानं हिशोब पाटीवर लिहून सगळ्या घराला दाखवला. पोत्या पोट का फुगवत होता ते आता कळलं!

तंगाखाली हात फिरवला, डाव्या काखेत जुना घट्टा निघाला. मऊ कापडाची पट्टी शिवून घातली. आता धाकटा वर बसतोय आणि मी दोर धरून पुढं चालतोय, दहा पावलांवर तंग पुन्हा आवळून. खोगीर सरकत नाही. डेअरीसमोर मात्र पोत्या आपला आपणच थांबतोय, निल्लु न म्हणता.

निपाणीकर, भावाला टेंपो बघा.